डबा परत येतो तेव्हा

माझ्याकडे एक वही आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार उधारी लिहितात तसली. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरातून २००९ साली डबे द्यायला लागले, तेव्हापासून अशा सात वह्या भरल्या. डावीकडे गिऱ्हाईक, मध्ये डबे किती, उजवीकडे ‘सूचना’. पहिल्या वहीत सूचनांचा रकाना जवळजवळ कोराच आहे. कारलं नको. गुरुवारी उपास. पोरगा तिखट खात नाही. संपलं.

सातव्या वहीत मात्र तो रकाना पुरत नाही म्हणून मी समासात लिहिते, समास भरला की बाण काढून मागच्या पानावर जाते. परवाचंच पान बघा. गहू बंद, ज्वारीची भाकरी द्या, शनिवारी पोळी चालेल. तेल फक्त लाकडी घाण्याचं. मीठ सैंधव. भाताऐवजी किनोआ मिळेल का? रात्री डाळ नको. रात्री फक्त डाळ.

या शेवटच्या दोन सूचना एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दारांतून आल्यात. दोघांनीही सांगताना एकच वाक्य वापरलं, “काकू, एका डॉक्टरांचा व्हिडिओ बघितला.”

सध्या माझे बेचाळीस डबे जातात. अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधली पोरं, कॉलेज रोडला क्लासला आलेली बाहेरगावची मुलं, आणि ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत असे एकटे राहणारे म्हातारे. या सगळ्यांच्या फोनवर रोज काय येतं, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कळतं. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत काय छापून आलं, ते सोमवारी. मध्यंतरी एका पुरवणीत डाव्या पानावर ‘रात्रीचं जेवण सातच्या आत’ आणि उजव्या पानावर ‘झोपण्याआधी हळदीचं दूध’ असं एकाच दिवशी आलं होतं. त्या सोमवारी मला दोन्ही सूचना मिळाल्या. एकाच घरातून.

डबेवालीला एक गोष्ट दिसते जी डॉक्टरला दिसत नाही. परत आलेला डबा. ‘तेल एक थेंब नको’ म्हणणाऱ्या एका बाईंच्या डब्याच्या वरच्या पुडात रोज लसूण शेवेचा वास येतो, कारण माझी बिनतेलाची भाजी त्या शेव घालूनच खाऊ शकतात. खाणार नाही तर काय? दुधीला फोडणीच नसेल तर तो घशाखाली उतरायचा कसा. भाकरीच हवी म्हणणाऱ्या क्लासच्या मुलांच्या डब्यातून अर्धी भाकरी वाळून परत येते. कोशिंबीर तर निम्म्या डब्यांतून तशीच येते, आणि तीच मुलं संध्याकाळी मेसेज करतात, “काकू, सॅलड ठेवाल का?” ठेवलेलंच असतं रे बाळांनो. तुम्ही त्याला ओळखत नाही एवढंच. त्याला काकडीची कोशिंबीर म्हणतात.

२०१८-१९ च्या सुमाराची वही काढली की मला अजून हसू येतं. तेव्हा घराघरात दीक्षित की दिवेकर हा वाद होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे काही नाही. ऋजुता दिवेकर सांगायच्या दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, तूप खा, आपल्या भागात पिकतं ते खा. इंदिरानगरला माझं एक जोडपं होतं. नवरा दीक्षित, बायको दिवेकर. त्यांना मी एक मोठा डबा द्यायची आणि चार छोट्या डब्या. डबे पोचवणारा पोऱ्या म्हणायचा, काकू, ह्यांच्या घरी एका टायमाला ताट जातं आणि दुसऱ्या टायमाला प्रसाद. तीन महिन्यांनी दोघांचंही वजन चार-पाच किलोनं उतरलं आणि दोघंही आपलंच खरं म्हणून पेढे द्यायला आले. मी बाईंना हळूच विचारलं, संध्याकाळचं फरसाण? त्या म्हणाल्या, छे हो, ते तर दोघांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. रात्री जेवणानंतरचं आइस्क्रीमही. मग मी पुढं काही बोलले नाही. पेढा मात्र अर्धाच खाल्ला, माझी स्वतःची तीन महिन्यांची सरासरी साखर तेव्हा सहा पूर्णांक एक, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर आली होती.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगू शकते, पण एक गोष्ट मला गमतीत सांगता येत नाही. अंड्याची.

माझे वडील एसटीत कंडक्टर. नाशिक-कळवण गाडीवर कैक वर्षं काढली. रात्रीची फेरी संपली की जुन्या सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडच्या बाहेर गाडीवर दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरी लावून, उभ्यानं खायची आणि मग सायकलवरून घरी यायचं, हा त्यांचा चैनीचा एकमेव प्रकार. दारू नाही, विडी नाही. १९९५ ला त्यांना हार्ट अटॅक आला. त्यातून उठले. डॉक्टरांनी यादी दिली, तिच्यात पहिलं अंडं आणि दुसरं तूप. वडील शिस्तीचे. त्या दिवसानंतर २००६ साली जाईपर्यंत त्यांनी अंड्याला हात लावला नाही. सीबीएसवरून जाताना ते त्या गाडीकडे बघायचे सुद्धा नाहीत.

२०१६ च्या सुरुवातीला पेपरच्या आतल्या पानावर बोटभर बातमी आली. अमेरिकेच्या नव्या आहार-मार्गदर्शिकेतून कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढली. ती मर्यादा १९६८ साली तिथल्या हार्ट असोसिएशननं घातली होती, आणि सोबत आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत असंही सांगितलं होतं. एका बलकातच दोनशेच्या आसपास भरतं म्हणून. मी बातमी आईला वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “म्हणजे ह्यांनी उगीचच सोडली?”

मला उत्तर देता येईना. माझी मुलगी बायोकेमिस्ट्री शिकत होती, तिनं आजीला समजावलं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम त्यावर होतो, पण लोकांना वाटतं तेवढा नाही, त्यापेक्षा तूप-लोण्यातल्या संपृक्त चरबीचा जास्त. मर्यादा काढली म्हणजे वाटेल तेवढी खा असं नाही, आणि ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे किंवा डायबेटिस आहे त्यांनी विचारूनच खायची. तेव्हा डॉक्टर चुकले असं म्हणता येणार नाही आजी, तेव्हा तेवढंच माहीत होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि लसूण सोलत राहिली.

डॉक्टरांवर माझा राग नाही. शास्त्र बदलणारच, नाहीतर ते शास्त्र कसलं. पण ‘बंद’ हा शब्द किती मोठ्या अक्षरात येतो आणि ‘थोडं चालेल’ किती बारीक अक्षरात येतं, ते मी त्या दिवशी बघितलं. आणि अजून एक. वडिलांचं तूप बंद झालं तेव्हा घरात दिवाळीचं तळण आणि शंकरपाळ्याचं मोहन वनस्पती तुपात सुरू झालं. तुपापेक्षा बरं, असंच तेव्हा सगळे सांगायचे. जाहिरातीही तशाच. पुढं कळलं की वनस्पतीतली ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, हृदयाला तुपाहून वाईट. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे वडिलांनी जे सोडलं त्याच्यापेक्षा आम्ही त्यांना जे दिलं ते जास्त वाईट होतं. प्रेमानं दिलं होतं, डब्यात भरून, कळवणच्या गाडीवर.

तर तेव्हापासून मला ‘बंद’ शब्दाची धास्ती आहे. आणि माझी वही त्या शब्दानं भरलीय.

गुळाचं घ्या. साखर म्हणजे पांढरं विष हे एकदा ठरलं, मग गंगापूर रोडला दर शंभर पावलांवर गुळाचा चहा आला. चहात दोन चमचे गूळ टाकून लोक पुण्य केल्यासारखं पितात. गुळातही बहुतेक साखरच असते, कणभर खनिजं जास्त. मार्चमध्ये तेच लोक माझ्या फळांच्या डबीतली द्राक्षं परत पाठवतात, शुगर वाढते म्हणून. माझा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं लावतो. त्याच्या खिशात पेनासारखं यंत्र असतं, मण्याचा थेंब त्याच्यावर टाकून तो ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप बघतो, अठरा भरले की तोडणी. त्याच्याइतकं द्राक्षातल्या साखरेचं ज्ञान कुठल्याच रीलवाल्याला नसेल. तो म्हणतो, ताई, दहा मण्यांत एका गुळाच्या चहाएवढी साखर असेल, पण दहावर थांबतंय कोण? आम्ही पेटी फोडतो आणि पेटी संपवतो. मला वाटतं सगळा विषय इथंच आहे. द्राक्ष चांगलं की वाईट हे सगळे सांगतात. किती मणी, हे फक्त माझा भाऊ सांगतो, आणि त्याचा धंदा तर द्राक्षं विकण्याचा.

वाईनचं तर विचारूच नका. आमच्या गावाला वाईन कॅपिटल म्हणतात, त्यामुळे ‘रोज एक ग्लास रेड वाईन हृदयाला चांगली’ हे वाक्य इथं पाहुण्यांना पांडवलेणी दाखवावी तसं दाखवतात. फ्रेंच लोक लोणी खातात, वाईन पितात आणि तरी त्यांना हृदयरोग कमी, हे १९९१ साली अमेरिकेच्या टीव्हीवर झळकलं आणि तिथून ते पसरलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत सरळ सांगितलं की दारूची सुरक्षित अशी मात्राच नाही. ते काही माझ्याकडे कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि दूध. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं कंपन्यांना सांगितलं की पाकिटावरून ए-वन, ए-टू हे दुधातल्या प्रथिनाच्या प्रकाराचे दावे काढा, दिशाभूल होते. ए-टू तुपाला किलोमागं अडीच हजार मोजणाऱ्या माझ्या एका गिऱ्हाइकानं त्या दिवशी मला फोन करून दहा मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या. पाच दिवसांत प्राधिकरणानं तो आदेश मागं घेतला. अजून चर्चा करायची आहे म्हणे. त्यांनी पुन्हा फोन केला. आता काय समजायचं, काकू? मी म्हटलं, तूप संपलंय का? नाही. मग ते संपेपर्यंत काहीतरी ठरेल.

आपल्याकडे आरोग्याचं आख्खं विद्यापीठ आहे म्हसरूळला. तरी नाशिककरांनी रात्री डाळ खायची का नाही हे ठरवतो तो कुठला तरी कोट घातलेला माणूस, ज्याच्या मागं भाड्याचं पुस्तकांचं कपाट दिसतं.

मुलीनं एकदा मला सांगितलं होतं की हे अभ्यास कसे होतात. हजारो माणसांना विचारतात, तुम्ही काय खाता. मग काही वर्षांनी बघतात, कुणाला काय झालं. जो रोज मूठभर बदाम खातो त्याला हृदयरोग कमी, असं निघतं. पण आई, जो रोज बदाम खातो त्याच्याकडे बदामाला पैसे असतात. तो सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्याही मारतो, बीपीची गोळी वेळेवर घेतो आणि त्याला रात्रपाळी नसते. हे सगळं वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण निघत नाही. मग त्यावरची बातमी येते, ‘बदाम खा, हृदय वाचवा’. सहा महिन्यांनी दुसरा अभ्यास, दुसरी बातमी. मला हे पटकन पटलं, कारण माझ्या डब्यांतही तसंच आहे. ज्यांच्या घरून ‘भाज्या जास्त’ अशी सूचना येते त्यांच्या तब्येती बऱ्याच असतात, पण त्यांच्या घरी लिफ्टपासून एसीपर्यंत सगळंच असतं.

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयएननं, भारतीयांसाठी नव्या आहार-सूचना काढल्या. सतरा. त्यातलं माझ्यापर्यंत पहिल्यांदा काय पोचलं माहितीये? ‘चहा बंद.’ तीन गिऱ्हाइकं घाबरून विचारत होती. मुलीला मूळ कागद शोधायला लावला. त्यात म्हटलं होतं की जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी सत्तावन्न टक्क्यांना रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलंय. तेव्हा हे सांगणं किती कामाचं होतं! जेवून उठल्यावर कपभर चहा घेणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाया मी रोज बघते. त्यांच्यापर्यंत ‘चहा तासानं घे, ताटात लिंबाची फोड घे’ एवढं पोचलं असतं तरी पुष्कळ. पोचलं काय, तर चहा बंद. तो तर कुणीच बंद करणार नाही, म्हणून सगळ्यांनी सगळंच सोडून दिलं.

त्या कागदात एक ताटाचं चित्र आहे. ते मी कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून ओट्यावर चिकटवलं. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी किंवा अंडी-मांस ८५, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-बिया ३५, तेल-तूप २७. सगळं कच्च्याचं वजन. पहिल्यांदाच कुणीतरी ‘किती’ सांगत होतं. म्हटलं, चला, आपण इतकी वर्षं ‘घरगुती सात्त्विक संतुलित डबा’ असं पाटीवर लिहितोय, बघू तरी.

दुपारी सगळे डबे गेल्यावर वजनकाटा घेऊन बसले. पोळ्यांच्या मावशींना म्हटलं, दहा गोळे करा. मावशींचा हात म्हणजे काटाच. सगळ्यात हलका ५४, सगळ्यात जड ५७. पाणी वजा केलं तर एका पोळीला पस्तीस ग्रॅम पीठ. डब्यात पोळ्या चार, म्हणजे १४०. भाताला तांदूळ ५०. एका डब्यात १९० ग्रॅम धान्य. दोन वेळचा डबा घेणाऱ्याच्या पोटात ३८०, सकाळचे पोहे वेगळे. भाजी एका डब्यात ११०. दोन वेळची मिळून २२०, कोशिंबीर धरली तरी अडीचशेच्या वर जात नाही. आणि वरण? वीस ग्रॅम डाळ. वीस! दोन वेळची चाळीस.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. पंधरा वर्षं पाटीवर ‘संतुलित’. लोकांच्या व्हिडिओंना हसत होते आणि माझाच डबा पिठाचा.

कारण गुंतागुंतीचं नाही, पैशाचं आहे. पोट भरवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू पोळी. चार पोळ्यांच्या पिठाला मला जेवढं लागतं त्याच्या दुपटीत पावशेर भाजीही येत नाही, निवडून-चिरून तर नाहीच. तूरडाळ दीडशेच्या वर गेली की मी वरणात पाणी वाढवते. सगळेच वाढवतात, कबूल करत नाहीत इतकंच. दिवसाला चारशे, म्हणजे वेळेला दोनशे ग्रॅम भाजी द्यायची तर एका वेळच्या बेचाळीस डब्यांना साडेआठ किलो रोज, साफ केलेली. ती निवडायला अजून एक बाई. ऐंशी रुपयांच्या डब्यात हे बसवायचं कसं, त्याचा व्हिडिओ कुणी केला असेल तर मला जरूर पाठवा. हाच पठाणी हिशेब घराघरात आहे. ‘संतुलित आहार’ हे दोन शब्द उच्चारायला फुकट आहेत, पण मेथी निवडायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाचा तरी असतो, बहुतेक वेळा बाईचा. गंमत अशी, की मार्केट यार्डात संध्याकाळच्या लिलावात मेथी-कोथिंबिरीची जुडी कधी इतकी पडते की शेतकरी माल तिथंच टाकून जातो. मी स्वतः त्या ढिगावरून चालत गेलेय.

आणि अंबडला माल चढवणाऱ्या पोराला २००० कॅलरीचं ताट पुरणार नाही, त्याला चार काय सहा पोळ्या लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या क्लासच्या मास्तरांना त्याच चार जास्त होतात. मी दोघांना एकच डबा देत होते.

मग मी काय केलं, तर फार काही नाही. डबे दोन प्रकारचे केले. एकात तीन पोळ्या आणि उसळ दुप्पट. मटकी मला परवडते, मोड आले की फुगते, आणि नाशिकच्या माणसाला मटकी खा म्हणून सांगावं लागत नाही, त्यावर तर्री नाही म्हणून तो रुसतो तेवढंच. वरणाची डाळ वीसवरून पस्तीस केली आणि डब्यामागं पाच रुपये वाढवले. चार गिऱ्हाइकं सुटली. पाटीवरचा ‘संतुलित’ शब्द पुसला. ‘घरगुती’ राहू दिला, तो खरा आहे.

मावशींना हा सगळा वजनाचा खेळ वेडेपणा वाटला. त्या पेठ तालुक्यातल्या. लहानपणी नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी, पावसाळ्यात रानभाज्या, आणि ज्येष्ठात काहीच नाही. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, आपल्या सरकारनं त्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं, आणि माझ्याकडे नागलीच्या भाकरीची मागणी आली, पंचवीस रुपयांना एक. मावशी थापतात आणि हसतात. “आम्ही गहू खायला म्हणून नाशकात आलो अन् तुमचे लोक नागली मागतात.” नागलीत कॅल्शियम भरपूर, गव्हाच्या कितीतरी पट, हे खरं आहे. मावशींचे गुडघे तरी पन्नाशीतच गेलेत, हेही खरं आहे. नागली होती, पण दूध नव्हतं, डाळ चिमूटभर होती आणि डोक्यावर पाण्याचे हंडे होते.

म्हणून मला ते ‘आजीच्या ताटाकडे परत चला’ ऐकलं की कसंतरी होतं. माझी आजी सिन्नरची. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडीच्या घमेल्यासमोर रांगेत उभी राहिली. बरी वर्षं होती तेव्हाही ती सगळ्यांच्या मागून जेवायची. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे वरणभात आणि वर तुपाची धार, असं ताट तिनं वाढलं खूप. स्वतः ते किती वेळा खाल्लं, आईला विचारलं तर आई गप्प बसते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

गंगापूर रोडला एक आजोबा आहेत. नोटप्रेसमधून रिटायर, शहात्तर वर्षांचे, एकटे. मुलगा परदेशात. तो बिचारा काळजीनं रोज बाबांना व्हिडिओ पाठवतो आणि बाबा मन लावून बघतात. प्रेसमधली शिस्त, नोटा मोजल्यासारखं प्रत्येक वाक्य लक्षात ठेवतात. माझ्या वहीत त्यांचं पान असं आहे. जानेवारी: गोड बंद. मार्च: भात बंद. जून: पोळी बंद, अर्धी ज्वारीची भाकरी. ऑगस्ट: रात्री डाळ नको, युरिक ॲसिड. सप्टेंबर: दूध-दही बंद, कफ. ऑक्टोबर: वांगं, टोमॅटो, बटाटा बंद. नोव्हेंबर: दाणे नकोत.

प्रत्येक वेळी मी “हो आजोबा” म्हटलं आणि लिहून घेतलं. प्रत्येक सूचना वेगळ्या महिन्यात आली म्हणून मला एकत्र दिसली नाही. आणि खरं सांगायचं तर डबा देणं सोपं होत चाललं होतं. नोव्हेंबरअखेर त्यांच्या डब्यात अर्धी भाकरी आणि दुधीची नाहीतर पडवळाची भाजी जात होती, वाटीभर. पैसे पूर्ण घेत होते. पोऱ्या एकदा म्हणाला, काकू, ह्या डब्याला वजनच नाही. मी म्हटलं, त्यांचं पथ्य आहे.

डिसेंबरच्या थंडीत ते कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चक्कर येऊन पडले. हाड मोडलं नाही, नशीब. दवाखान्यातून मला फोन आला, कारण त्यांच्या खिशातल्या डायरीत मुलाच्या नंबरखाली माझा नंबर होता. तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, हे काय काय खातात? मी वही घेऊन गेले होते. तिनं ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मला वाटलं आता ती रागावणार. ती म्हणाली, “ह्यांना डायबेटिस नाही, युरिक ॲसिड नॉर्मल आहे. हे बंद करायला सांगितलं कुणी?” आजोबा पलंगावरून म्हणाले, “वेगवेगळ्या लोकांनी.”

त्यांचं वजन वर्षात नऊ किलोनं उतरलं होतं, त्यात स्नायू बरेच गेले होते. म्हातारपणी प्रथिनं कमी पडली की असंच होतं, ती म्हणाली, पाय आधी जातात. प्रत्येक व्हिडिओ कुणासाठी तरी बरोबर असेलही. युरिक ॲसिडनं सांधे दुखणाऱ्या गाऊटवाल्यासाठी, गहू न चालणाऱ्या सिलिॲकवाल्यासाठी, दूध न पचणाऱ्यासाठी. हे सगळे रोगी मिळून एक माणूस होत नाही ना, काकू.

घरी येऊन मी त्या पानावर तिरकी रेघ मारली. पहिल्यांदाच वहीत एक पान मी न विचारता रद्द केलं. दुसऱ्या दिवशी वरणभात, वर तुपाची धार, लिंबाची फोड, दोन पोळ्या, मटकीची उसळ, ताक असा डबा भरला आणि वर एक उकडलेलं अंडं ठेवलं. सोललेलं. मीठ-मिरीची पुडी वेगळी. अंड्याचं त्या डॉक्टरणीला आधी विचारून घेतलं होतं, बाकी कुणाला नाही.

डबा संध्याकाळी परत आला. उसळ अर्धी उरली होती, भात संपलेला, अंडं नव्हतं. झाकणात नोटप्रेसच्या अक्षरात, सरळ रेषेत लिहिलेली चिठ्ठी होती: ‘ताक आंबट होते. लोणचे पाठवायला विसरलात.’